आवतण दिलेला उंबर

११ एप्रिल १९९९, किन्हवली
भाचीचं, रेखाचं लग्न जवळ आलं. शिलाईचं काम टाकून आज परत उंबर शोधायला. मांडवाची मेढ उंबराचीच हवी, सरळ, वर दुबेळकं म्हणजे दोन फांद्यांचा फाटा असलेली. दादा म्हणतो, "तुलाच येळ हाय." म्हणजे आत्या बिनलग्नाची म्हणून रिकामी! चिडले. पण हिंडायला आवडतं, खोटं कशाला. आलेल्या सगळ्या स्थळांना नाही म्हटलं, त्याचंही दुःख नाही. मशीन माझी, वेळ माझा.
पाहिलं: तळ्यावर वड, देवळामागे पिंपळ, ओढ्याला पायर. उंबर एकच, तोही वाकडा.

१४ एप्रिल
यष्टीने मुरबाड, पुढे सिद्धगडाच्या बाजूला. पायाचे तुकडे. पण सापडला! मारुती म्हणून शेतकरी आहे, त्याच्या बांधावर. बुंध्यापासून लाल फळं लगडलेली. एक खाल्लं, बहुतेक किड्यांसकट. गोड.
मारुती म्हणाला, "फांदी न्या, पन आदी झाडाला आवतान द्या." तो तर आमच्याकडेही नियमच.

२२ एप्रिल
आवतण दिलं. बुंध्याला हळदकुंकू, मुळाशी सुपारी, 'उद्या आमच्या मांडवाला या'. मारुतीने बुंध्याभोवती सारवून ठेवलं होतं. चहाही त्यानेच केला. बायको वारली, घरात एकटाच. साखर फार. तरी दोन कप प्यायले.
सकाळी दादा टेम्पो घेऊन जाईल.

२३ एप्रिल
दादाने घोळ घातला. टेम्पोवाला लांब यायला तयार नाय, म्हणून शहापूरच्या रस्त्याकडेच्या उंबराची फांदी आणली. "उंबर तो उंबर. कोन बगतंय?" आवतण एकाला, पंगतीला दुसराच! रेखा रडेल म्हणून गप्प बसले.

२६ एप्रिल
लग्न छान झालं. पोरगी हसत गेली. मीच रडले.

२ मे
राहवेना. लग्नाचे लाडू घेऊन माफी मागायला गेले. मारुती म्हणाला, "कोयत्याला धार लावून दिसभर बसलो व्हतो मी." सुपारी तशीच मुळाशी. उचलायला वाकले.
"ऱ्हाऊ दे. आवतान दिल्याल्या झाडाला मांडवात न्याया लागतंय. तुमच्या घरात आनखी कोन हाय लग्नाचं?"
"मीच."
झाडाकडे बघत म्हणाला, "आमच्याकडं मी."
लाडवांचा डबा तिथेच राहिला.

८ मे
सहा दिवस एकही ब्लाउज धड शिवलं नाही. बाही उलटी लावली. वहिनी विचारते, "लगीन झालं, आता मुरबाडला कशाला गो?" म्हटलं, डबा आणायचाय.
दादाला विचारायचं नाही. विचारायचं ते स्वतःलाच. आवडलाय, हे लिहूनच टाकते. पण नाही म्हणायची इतकी सवय झालीय, की हो कसं म्हणतात तेच कळेना. उद्या पहिल्या गाडीने जाते.