दोन मोटरी, एक ड्राइव्ह

३ फेब्रुवारी
मोटर जळाली! सकाळी अकराला एक नंबरची क्रेन चालता चालता तिरकी होऊन अडकली. पाईपांचा गठ्ठा असा हेलकावला की खाली उभा असलेला लाहू थोडक्यात वाचला. क्रेन दक्षाताई चालवत होत्या. त्यांनी लगेच लाल बटण दाबलं, म्हणून.

मला बघताक्षणी कळलं. क्रेनच्या दोन टोकांना दोन मोटरी, दोन्ही एकाच ड्राइव्हवर, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या एकाच पेटीवर. ड्राइव्ह दोन्हींचा मिळून करंट बघतो. एकीवरच भार वाढला तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येकीला वेगळा रिले लागतो, भार वाढला की मोटर बंद करणारा. दिवाळीत ड्राइव्ह बसवताना ते रिले मीच काढले. कशाला वायरिंग वाढवा — एवढंच डोक्यात होतं.

४ फेब्रुवारी
मॅनेजर तुषार सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "धनेश, काय झालं?"
तोंडातून निघून गेलं — "ऑपरेटरने झटके दिले असतील, सर."
 चौकशी होईपर्यंत दक्षाताईंना घरी बसवलं.

५ फेब्रुवारी
डबा तसाच परत आणला.

८ फेब्रुवारी
दक्षाताईंच्या गावी, नरपडला गेलो. त्या वाडीत चिकू निवडत होत्या. पाणी दिलं.  मग त्यांनीच विचारलं, "मोटर बदलली काय?"
"ताई, चूक माझी. रिले मी काढले होते."
हात थांबला त्यांचा. "बारा वर्षं क्रेन चालवते मी. झटका दिला की नाय, मला कळत नाय? पण घरी पोरगी विचारते — आई, खरंच तुझ्यामुळे झालं?"
मी एक चिकू उचलून टोपलीत टाकला.
"इथे सांगून काय उपयोग? तिथे सांग. सगळ्यांसमोर बोललास ना, तसंच!"

९ फेब्रुवारी
सांगितलं! सगळ्यांसमोर, रिलेचं. तुषार सर म्हणाले, "घरी जा. बोलावू तेव्हा ये." लाहूने तोंड फिरवलं. दक्षाताई उद्यापासून कामावर. एक नंबर दुरुस्त होईपर्यंत दोन नंबरच्या क्रेनवर.

१० फेब्रुवारी
साडेआठला दक्षाताईंचा फोन. "धनेश, दोन नंबर थांबवलीय. जळका वास येतोय. हिला रिले आहेत ना रे?"
दोन नंबरचेही रिले मीच काढले होते, काल बोलतानाही मला माहीत होतं. एका चुकीवर भागेल, म्हणून गिळलं होतं.
"नाहीत, ताई."
त्या तिकडे ओरडल्या — "खालून बाजूला व्हा रे, सगळे!" आणि फोन बंद झाला.