भट्टीचं रिकामं पोट

दि. ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे? बाबांची भूक चांगली आहे. कान मात्र पार गेलेत. जन्मभर लोखंडाच्या भट्टीच्या भात्याजवळ उभं राहिल्यावर टिकणार तरी कसे!

परवाचं संग्रहालयाचं उद्घाटन थाटात झालं. भट्टीभोवतीची झुडपं काढली, विटांना रंग फासला आणि तू कोट घालून तिचा इतिहास सांगितलास. तिथली व्यवस्थापकाची खुर्ची तुला शोभते हो. कारखान्याच्या मालकांच्या मुलाने पाठ थोपटली तेव्हा केवढा फुललास!

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. जमत नाही.

भट्टीवाल्याचा डोळा लागला, लोखंड आतच गोठलं आणि कारखाना बुडाला, असं तू माइकवरून सांगितलंस. दादा, भट्टीवाला म्हणजे आपले बाबा. तुझ्या जिभेला काही हाड?

मालकांनी शहरात नवा कारखाना काढला, म्हणून ही भट्टी बंद केली. तो निरोप बाबांकडे कोण घेऊन आलं होतं? तूच ना? बाबांनी भट्टीचं तोंड फोडून लोखंडाचा सगळा रस बाहेर काढला, मगच भाता थांबवला. रस आत थिजला की भट्टी कायमची मेली. पुढेमागे कुणीतरी ती पेटवेल, अशी वेडी आशा होती त्यांना.

तुझ्या भाषणानंतर मी वाकून भट्टीत शिरले. तळ हाताने चाचपला. लोखंड गोठलं असतं तर बैलाएवढा गोळा बसलेला असता तिथे. वाळकी पानं आहेत, बाकी काही नाही. भट्टीवाल्याचा मुलगा तू, तुला हे माहीत नव्हतं असं मी कसं मानू?

बाबा पहिल्या रांगेत होते. काही ऐकू आलं नाही, तरी टाळ्या सगळ्यांत जास्त त्यांनीच वाजवल्या. घरी आल्यावर विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणाला गं?"

मी कानाशी ओरडून सांगितलं, "तुमच्यासारखा भट्टीवाला पुन्हा झाला नाही म्हणाला."

तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकवतायत. शेजारीपाजारी खाली बघतात.

आता ते भाषण त्यांना तुझ्या तोंडून हवंय, अगदी कानाशी, मोठ्याने. रविवारी ये. मी सांगितलं ते सांग, नाहीतर तू बोललास ते. मी मध्ये पडणार नाही.

'तुझी' असं लिहवत नाही.

बाबांची,
धाकटी