गोद्री ऊर्फ ब्रिझफेर

प्रिय ओव्हीद,

मेपलचा रस यंदा भरपूर आला. काहिलीपाशी मी एकटीच आहे. उकळी वर चढली की तुझे बाबा करायचे तसाच डुकराच्या चरबीचा तुकडा वर टांगते, म्हणजे फेस खाली बसतो. धाकट्या दोनाचं शेवटी लिहिते.

गेल्या मोसमात शेजारच्या तेलेस्फोर ब्रिझफेरनं हद्दीवरच्या एका झाडासाठी बाबांच्या मानेत कुऱ्हाड घातली. दोघांच्याही हातात कुऱ्हाडी होत्या म्हणून कोर्टानं त्याला सोडून दिलं. त्याआधी, दफनाच्या दिवशीच, तू शवपेटीवर हात ठेवून ओरडलास, "पुढच्या साखरेच्या मोसमाला येतो आणि त्याचं डोकं उडवतो!" आणि सरहद्दीपलीकडे लोवेलच्या गिरणीत परत गेलास. दोनानं बाबांची कुऱ्हाड पुसून खुंटीला अडकवली. मला वाटलं, धाकटं पोर थंड डोक्याचं आहे.

तुझ्या शपथेनं माझी झोप उडाली होती. तुला अडवायला काहीतरी हवं होतं, म्हणून बाबांच्या आत्याकडे, एक्झिल्दाकडे गेले. डोळे गेलेत, पण घराण्याची साखळी तिला तोंडपाठ आहे. जपमाळ ओढावी तशी सुरू झाली, तुझा नवरा ओर्मिदास फिलेआसचा, फिलेआस बाझिलचा... मी मध्येच विचारलं, या ब्रिझफेरांचं आपल्याशी एवढं वैर का? तर म्हातारी फिदीफिदी हसली. "तू पाके घराण्यातली लेक, तुला काय ठाऊक! अगं, आपल्यासारखे तेही गोद्रीच! फ्रान्सहून आलेला आपला मूळपुरुष शिपाई होता. पलटणीत प्रत्येकाला टोपणनाव असायचं, त्याचं ब्रिझफेर. गोद्री ऊर्फ ब्रिझफेर. त्याच्या दोन पोरांनी याच झाडांवरून एकमेकांची डोकी फोडली. एकाचा कान गेला. तो म्हणाला, तुझं नाव लावण्यापेक्षा मेलेलं बरं, आजपासून मी नुसता ब्रिझफेर. तेव्हापासून दोन घरं झाली."

मी धावतच घरी आले. वाटाण्याचं सूप वाढता वाढता दोनाला सगळं सांगितलं. म्हटलं, रक्त एकच आहे बाळा, आता पुरे, ओव्हीदलाही मी हेच कळवते. दोना हसला. "मग बरंच की, आई. घरचं डुक्कर घरच्यानंच कापायचं असतं." मला वाटलं, थट्टा करतोय. मीही हसले रे!

दुसऱ्या दिवशी सकाळी रानातून तेलेस्फोरच्या बायकोची, रोझानाची किंकाळी आली. मी पोचले तर तेलेस्फोर रसाच्या बादल्यांमध्ये आडवा पडला होता, अजून धुगधुगी होती. गळा चिरलेला, आणि बाबांची कुऱ्हाड बरगड्यांत रुतलेली. बर्फ लाल झालं होतं, एका बादलीतला रसही. मी एप्रन त्याच्या गळ्यावर दाबून धरला, तरी बोटांमधून गरम रक्त येतच राहिलं. वर्षभर या माणसाला मी तळतळून शिव्याशाप दिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला जवळून पाहिलं. हनुवटी थेट तुझ्या बाबांची. माझ्या मांडीवरच गेला तो. रोझाना माझ्या तोंडावर थुंकली. मी पुसलं नाही.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. पोलीस दोना गोद्रीला शोधत गावोगाव फिरताहेत. तो जंगलातून सरहद्द ओलांडून तुझ्याकडे निघालाय. त्याला दार उघड, जेवू घाल, मारू नकोस. गिरणीत त्याचं नाव दोना ब्रिझफेर असं सांग. खून झालेल्याच्या नावात खुनी कुणी शोधणार नाही, आणि ते खोटंही नाही, त्या शिपायाचं नाव आपलंही आहे. रोज सकाळी मुकादम 'ब्रिझफेर!' म्हणून हाक मारेल, तेव्हा त्यानं मान वर करून 'ओ' द्यायची. पुढे लग्न केलं, तर लेकरांनाही तेच नाव लावायचं. फाशीपासून मी त्याला वाचवतेय, पण त्या नावातून त्याला सुटका नाही. तू घेतलेली शपथ त्यानं पुरी केली, म्हणून त्याचा भार तुझ्यावर टाकतेय. पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

तुझीच, आणि अजून त्याचीही,
आई