पूजेनं बिघडलेली मशीन

माय, तुझी कपडे धुवायची मशीन काल उघडली. फ्रीज बघायला आलेला मिस्त्री मागं हात धुवायला गेला, पोत्यांच्या आड पडलेली मशीन त्याला दिसली आणि बघू तरी म्हणून त्यानं मागचे स्क्रू काढले. आत बोर्डावर एक वाळून कोळसा झालेली पाल चिकटलेली. तो म्हणाला, "ताई, हे बगा. पाल आडवी पडली अन् शॉर्ट झालं, तिथंच जळालंय. पाणी गेल्याचा डागबी न्हाई." मला असा संताप आला की त्या मेलेल्या पालीला चार शिव्या द्याव्यात.

ती खंडेनवमी आठवते. सेलूहून मशीन आणून महिनाही झाला नव्हता. तू विळीची, पाट्यावरवंट्याची पूजा केलीस आणि ताट घेऊन थेट मशीनपुढं उभी राहिलीस. बटणांवर हळदकुंकू लावलंस, फुलानं पाणी शिंपडलंस. मी हसले तर म्हणालीस, "राबणाऱ्याला न्हाई पुजायचं तर कुणाला?" दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. तेव्हाच्या मिस्त्रीनं कुंकू बघितलं आणि न उघडताच सांगितलं, पाणी गेलं आत. बाबांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तुला फैलावर घेतलं. पुढं तो त्यांचा किस्साच झाला. पाहुणे आले की सांगायचे, "हिनं पूजा करून मशीन मारली!" सगळे हसायचे, पदर तोंडाला लावून तूही हसायचीस. पण त्यानंतर फ्रीज पुसायचा तरी तू मला विचारायचीस, "पुसू का गं? काई होणार न्हाई ना?" धुणं शेवटपर्यंत हातानंच धुतलंस. आपल्या हाताला यंत्र सोसत नाही, हे तू खरं मानलंस आणि तेच घेऊन गेलीस. फार वाईट वाटतं गं. चार स्क्रू तर होते.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, जोरात सांगावं लागलं. ते ताटावर बसले होते. "म्हंजे तिनं न्हाई केलं?" म्हणाले. मग भाकरी मोडता मोडता थांबून, "तिच्या मनाला लागलं व्हतं का गं?"

हे तुम्ही तिलाच विचारायचं होतं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण अर्धी मोडलेली भाकरी हातात धरून ते माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "न्हाई हो बाबा, ती कवाच विसरली व्हती."

हे लिहिलेलं त्यांच्या नजरेला पडू नये, म्हणून फाडूनच टाकीन. तुझ्या नावावर मी खोटं बोलले, माय. त्यांना ते लगेच पटलं, त्यांनी वाटी पुढं करून वरण मागितलं, आणि मी वाढलं.