कंदील विझला तर

जामखेड, मार्च १९७३

तीर्थरूप अण्णांना दिगंबरचे चरणस्पर्श.

येथे दुष्काळी कामांवर मी बचाव-शिक्षक म्हणून रुळलो आहे. जेवण वेळेवर मिळते. आईचा खोकला थांबला का?

विहिरी खोदणाऱ्यांना मी रोज समजावतो : आधी कंदील खाली सोडा. तो विझला, तर तळाची हवा घातक आहे. मग कडुलिंबाच्या फांद्या दोराने खाली-वर करा. हवा हलते आणि कंदील टिकू लागतो. हे शास्त्र इतके सोपे आहे की शिकवताना मी भान विसरतो.

मंगळवारी त्यांच्यातला कोंडीराम कंदील न सोडताच उतरला आणि तळाशी कोसळला. प्राणवायूचा मुखवटा मागूनही नगरहून आलेला नाही. त्याचा धाकटा भाऊ रंभाजी उतरायला धावला; मी अडवताच ओरडला, "सोडा मास्तर, भाऊ हाय माजा." मी त्याला मिठीत आवळून धरले. फांद्यांनी हवा खेळती होईपर्यंत कोंडीराम गेला होता.

आता रंभाजी मला पाहून वाट बदलतो. गावही बोलत नाही. संध्याकाळ फार लांबते.

मुखवटा आला की उतरणारा मीच असेन. सुट्टीत आपला धाकटा सुधाकर इकडे यायचे म्हणतो. त्याला बजावून पाठवा : दादा विहिरीत असला, तरी काठ सोडायचा नाही.

आपल्या आशीर्वादावर विसंबलेला,
दिगंबर