खिडकीशी उभी माय

२ मार्च
पान कोरंच. आई गेल्यापासून एक ओळ सुचलेली नाही. दुपारी दादाचा अनसिंगहून फोन. "विमल, केनवडचा गाण्यांचा मुकाबला पक्का झाला. आईचं गाणं पाह्यजे. समोरची पार्टी नवंकोरं आणून राह्यली."
आईचं गाणं. यंदाच! दादाच्या गायन पार्टीला इतकी वर्षं गाणी देते आहे, नाही म्हणायची सवयच नाही. हो म्हणून बसले. आईबरोबर माझे शब्दही गेले असतील तर?

७ मार्च
एसटी आगारात माझ्या शेजारच्या टेबलावर फरीदा बसते. नवऱ्याच्या बांगड्यांच्या दुकानाच्या जाहिराती ती मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेते. माझं रडगाणं ऐकून वैतागली. "कायले जीव जाळून राह्यली? त्याले सांग ना. पण सगळं सांगावं लागते बरं का." माझ्या मोबाइलमध्येही घालून दिलं.
उघडलं नाही. परक्याला घरात घेतल्यासारखं वाटतंय.

९ मार्च
उघडलं.
आईबद्दल सगळं लिहिलं. निंदणीला जायची, जळणाला कापसाच्या पराट्या आणायची. पोलक्यात खर्र्याची, तंबाखू-सुपारीची पुडी लपवायची. रेडिओवरच्या बातम्यांना शिव्या घालायची. दादाला खराट्याने झोडलं होतं ते. त्यानं विचारलं, शाळेची काही आठवण? मी खरं तेच लिहिलं: शाळेकडे कधी फिरकलीच नाही, "मास्तर जाणे अन तू जाणे" म्हणायची.
मग गाणं आलं. खर्रा नाही, खराटा नाही. हे आलं:

डोई पराट्यांचा भारा, शाळेच्या खिडकीशी माय
माझे पाढे ऐकता ऐकता विसरे भाजलेले पाय

आमच्यात शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव घालतात. तेही मीच सांगितलं होतं, म्हणून त्यानं घातलं. गोष्ट खोटी आणि खाली नाव माझं, "विमल".
गाणं चांगलं आहे. त्याचीच जास्त भीती वाटली.

१२ मार्च
दादाला फोनवर वाचून दाखवलं. वाटलं होतं, हसेल, म्हणेल आई कवा गेली व शाळेत? मग मीही हसून सगळं सांगून टाकीन. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.
"मले आठवते विमल. लिंबाखालची खिडकी. मी चौथीत होतो."
दादा खोटं बोलणारा माणूस नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. तालमीची तारीख विचारून फोन ठेवला.

२० मार्च
अनसिंगला तालीम. गाण्याआधी दादा किस्सा सांगतो, ही त्याची पद्धत. आज म्हणाला, "माह्या डोयादेखतची गोष्ट हाय." मायनं भारा खाली ठेवलाच नाही, घंटा होईपर्यंत. घंटा गाण्यात नव्हती, ती आता त्यानं घातली. पेटीवाल्यानं डोळे पुसले.
मी रात्रीतून खरं कडवं जुळवून नेलं होतं, खर्र्याचं. ओबडधोबड, पण माझं. दादानं वाचून परत दिलं. "हे नको. लोक हसतीन मायले."
परतीच्या गाडीत डोळे मिटून आईला आठवून पाहिलं. खराटा घेतलेली आई येईना. खिडकीतली आली. भाऱ्यासकट. मी जे कधी पाहिलंच नाही ते मला दिसतं कसं?

२९ मार्च
एआय काढून टाकलं मोबाइलमधून. उपयोग काय. ते आता मोबाइलमध्ये थोडंच आहे.

१५ एप्रिल, केनवड
गाणं जिंकलं. बाया गळ्यात पडून रडल्या. "पोरी, तुही माय धन्य." मी हात जोडत होते.
पुढच्या रांगेत मावशी होती, आईची थोरली बहीण. इथेच दिलेली. आईला लहानपणापासून ओळखणारं आता तिच्याशिवाय कोणी नाही. तिच्याकडेच मुक्काम केला. तिला विचारायचं. ती तोंडावर म्हणेल, काय खोटंनाटं लिहितेस. एवढं एक तिनं म्हणावं.

१६ एप्रिल
चहा घेताना विचारलं. "मावशी, खरं सांग. माय कवा शाळेच्या खिडकीशी उभी राह्यली होती काय?"
तिनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "राह्यली ना. मी बी होतो तिच्यासंगं. मास्तरनं हाकलून देल्लं आमाले दोघींले."
मास्तर गाण्यात नाही. दादाच्या किश्श्यातही नाही.
"पण तू तर इथं होतीस ना, केनवडले?"
"येत नव्हतो काय मी माह्येरी?" रागावलीच. मग पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. "लय बोलला व तिले तो मास्तर. सगळ्या लेकरांसमोर."
मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. आता कोणाला विचारू? सांगणारं कोणी उरलं नाही.
दादाला फोन लावला. गाणं खोटं आहे, हे आज सांगायचंच होतं. तो "हं, बोल" म्हणाला आणि मी ठेवून दिला. मास्तर आईला बोलले तेव्हा मी वर्गातच होते. तिसऱ्या रांगेत. मान खाली घालून. म्हणजे, होते का मी