खोडायची ओळ

कारा-जायलू
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

लाडक्या टोक्तोस, आईकडून सलाम आणि पुष्कळ दुवा.

अल्लाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. थंडीने बाबांचा गुडघा पुन्हा धरलाय. हे पत्र कुबातच्या मिनीबसने पाठवतेय. उद्या संध्याकाळी बिश्केकच्या थांब्यावरून घे. सोबत घरच्या दह्याचं सुकवलेलं कुरूत आहे आणि पाव. परिषदेत जेवण मिळतं म्हणालीस, तरी असू दे. पिशवी धुऊन परत पाठव.

पत्र मात्र गुरुवारी मंचावर जायच्या आधी वाच. एकटीने.

रविवारी फोनवर किती खुशीत होतीस. "आई, आरोग्य नोंदीवाल्यांच्या एवढ्या मोठ्या परिषदेत आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच बोलू देताहेत. आणि उदाहरण कुणाचं, सांग? माझंच." मग वाचून दाखवलंस. दवाखान्याच्या जुन्या जन्मवहीत एकाच आईच्या, एकाच तारखेच्या दोन मुली. एकीच्या सगळ्या लशी लिहिलेल्या, दुसरीची जन्मानंतर एकही नोंद नाही. म्हणजे मूल एकच, नाव बदललेलं, चुकून दोनदा चढलेलं. मागून तुझी मैत्रीण बेगिमाय म्हणाली, "मावशी, तरीच ही दोन माणसांचं खाते." दोघी हसलात. गुरुवारी मोठ्यांनी मान डोलावली की जादा ओळ संगणकातून काढून टाकणार, म्हणालीस. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

चुलीवर दूध नव्हतं.

मी दहावीपर्यंत शिकलेली, तुमच्या कामातलं मला कळत नाही. पण घरच्या वहीत पिठाचं पोतं दोनदा लिहिलेलं दिसलं, तर खोडण्याआधी मी कोठीत जाऊन बघते, पोती किती आहेत.

दृष्ट लागू नये म्हणून तुला विकत घेतलं होतं ते तुला ठाऊक आहे. कालीपा आजी खिडकीखाली येऊन म्हणाली, "पोर विकायची आहे का गं?" मी म्हटलं, "ने. काळी आहे, रडकी आहे." तिने मूठभर कोंडा दिला, तुला खिडकीतून घेतलं आणि टोक्तोबूबू नाव ठेवून मला परत दिलं. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची, आणि तू घरी येऊन विचारायचीस, "'थांब' हे काय नाव झालं? मी कुठे निघाले होते?" मी म्हणायचे, अशक्त होतीस.

होतीसच. इतकी, की चाळीस दिवस तुला नावच दिलं नव्हतं. नाव तिला दिलं होतं.

ती तुझ्याहून अर्ध्या तासाने मोठी. अंगाने भरलेली. सुईणीने त्याच दिवशी तिचं नाव वहीत लिहिलं. एकोणिसाव्या दिवशी ताप चढला आणि दुपारच्या नमाजापर्यंत ती गेली. बाबा तिला टेकडीवर ठेवून आले. सुईण वही उघडून बसली, तेव्हा मी तिचा हात धरला. "हिचं मरण लिहू नकोस, बाई. दुसरी अजून श्वास घेतेय. लिहिलंस तर मृत्यूला घर सापडेल." तिने पेन खाली ठेवलं. चूक तिथे झाली, माझ्या हातून. तुझी नाही.

ते नाव तोंडातून काढायचं नाही, अशी कालीपा आजीने शपथ घातली होती. एकवीस वर्षं काढलं नाही. बाबांनीही नाही. म्हणून फोन करत नाही. लिहायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं, तरी कालपासून तीन कागद फाडले. लिहिलं आणि तुला काही झालं तर? ही भीती आत्ताही आहे. पण टेकडीवरच्या दगडावर काही कोरलेलं नाही. ती होऊन गेली हे जगात एकाच ठिकाणी लिहिलंय, आणि ते तू टाळ्या घेत पुसणार आहेस.

मंचावर काय सांगायचं ते तू ठरव. बेगिमायला सांग किंवा नको सांगूस. माझ्यावर रागावायचं असेल तर घरी येऊन रागाव, मी ऐकून घेईन. फक्त "एकच" म्हणू नकोस. ओळ राहू दे. तिच्यापुढे मी जे लिहू दिलं नाही, ते तू लिही. २१ मार्च २००४. नूरूझच्या सणाला सगळ्या बाया सुमोलोकची खीर ढवळायला जमतात आणि मी घरी बसते, ते त्यामुळे.

सभागृह थंड असेल, लोकरीचे मोजे घाल. बिस्मिल्ला म्हणून उभी राहा.

नूरिपाची आणि तुझी,
आई